पदरात आठ बॉबिन

४ जून, बुधवार. सकाळपासून मशिनींना तेल देते आहे. आठ मशिनी आहेत, पाच झाल्या. मशीन मागे कलती करायची, कापड सरकवणाऱ्या दातऱ्यात अडकलेली धाग्याची लव जुन्या टूथब्रशने खरवडून काढायची, तेलाचे थेंब सोडायचे आणि मग चिंधीवर टाके चालवून जास्तीचं तेल जिरवायचं. नाहीतर पहिल्याच शर्टाच्या पाठीवर डाग पडतो. या कामाला डोकं लागत नाही. म्हणून डोकं नको तिकडे जातं.

शाळा उघडायला दीड आठवडा राहिलाय आणि गणवेशाची ऑर्डर यंदा दुप्पट आहे. काल संध्याकाळी मी भिंतीवर कागद लावला. "ऑर्डर पूर्ण होईपर्यंत दुपारची एक ते दीड सुट्टी बंद. जेवण पाळीपाळीने, पंधरा मिनिटांत." खाली सही केली. शिवणकेंद्र माझं, बायका सात, सगळ्या मला रोज बघतात. सहीची काही गरज नव्हती. पण सही केली की आपलं बरोबर आहे असं वाटतं.

बायकांनी कागद वाचला. रेखा एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलते. तिने फक्त कटिंग टेबलाखाली पाहिलं आणि चप्पल घालून घरी गेली.

टेबलाखाली आता काही नाही, कापडाचे तागे आहेत. पूर्वी तिथे सोजरमावशी झोपायची.

सोजरमावशी केजला माझ्याकडे कामाला आली तेव्हा पन्नाशीची असावी. नक्की वय तिलाही माहीत नव्हतं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी होती, पण आमच्या तालुक्यात निम्म्या बायका एक जानेवारीलाच जन्मलेल्या आहेत. उंच, काळी, हाडापेराने दणकट, आणि चालताना कंबर एका अंगाला टाकायची. एकोणीस हंगाम ऊस तोडून आलेली बाई. नवरा वारला होता, मुलगी पालीला दिलेली. कुणीतरी सांगितलं म्हणून माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"शिवण येतं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग काय येतं?"

"बसाया येतंय. हितं बसूनच करायचं हाय न काम?"

मला ती उद्धट वाटली. होतीच. पण एक बाई बाळंतपणाला गेली होती आणि मशीन रिकामी होती. ठेवून घेतली.

टाका सरळ यायला तिला चार महिने लागले. वेग तिला कधीच आला नाही. पण तिने शिवलेलं उसवायची वेळ मला कधी आली नाही, आणि माझ्या केंद्रात असं फक्त तिच्याबद्दल म्हणता येईल. माझ्याबद्दलही नाही.

माणूस मोजायची तिची स्वतःची पद्धत होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्या हिशेबाने एकटा माणूस अर्धा कोयता होतो, आणि मावशी सगळ्या जगाला त्याच मापाने मोजायची. रेखा अर्धा कोयता. मी, कारण मी घरीही तेच आणि इथेही तेच करते, "पाऊण". एकदा बचत गटाचे एक साहेब तपासणीला आले. खुर्चीत बसून त्यांनी आम्हाला वेळेच्या नियोजनावर तासभर भाषण दिलं आणि तेवढ्यात दोनदा चहा मागवला. ते गेल्यावर मावशीने दोरा तोडला आणि म्हणाली, "पाव बी न्हाई. मूठ हाय नुस्ती."

आता एक ते दोनचं सांगते, सुट्टी तेव्हा पुरा तासभर होती, आणि खरं भांडण तिथलं आहे.

पहिल्याच दिवशी एक वाजता तिने भाकरी खाल्ली, हात धुतले, मशिनीतून बॉबिन काढली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि टेबलाखाली शिरली. दाराशी टेकण म्हणून ठेवलेली वीट ओढून डोक्याखाली घेतली, त्यावर साडीच्या तुकड्याची घडी ठेवली. मिनिटभरात घोरायला लागली. आमच्या ओव्हरलॉक मशिनीसारखं, मध्ये मध्ये अडकत.

इकडे दार वाऱ्याने आपटायला लागलं. मी तिला उठवलं.

"मावशी, हे काय?"

"एक वाजला."

"मला दिसतंय. पण काम पडलंय ना."

"काम पडलंय, म्हून मीबी पडले." आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मशिनीवर दुसरीला बसवावं म्हटलं, तर बॉबिन तिच्या पदरात. खालचा दोराच नाही तर मशीन काय शिवणार? आठवड्याने रेखाने आपली बॉबिन काढून तिच्याकडे दिली. मग शांताने. महिन्याभरात सगळ्यांच्या बॉबिन एक वाजता तिच्या पदरात जायच्या आणि दोन वाजता ती एकेक गाठ सोडून वाटत फिरायची, देवळात प्रसाद वाटतात तशी. कुणाची बॉबिन कुणाची, कधी चुकली नाही. आठवी माझी. मी ती दिली नाही. मी एक ते दोन कटिंग करायचे. सात बायका जमिनीवर आडव्या, आणि मी त्यांच्या मधून पाय टाकत फिरायचे.

एकदा एका शाळेच्या मोठ्या बाई न सांगता दीड वाजता आल्या. मी बाजारात काजाचा दोरा आणायला गेले होते. बाईंना दारातून दिसलं की सात बायका जमिनीवर पडल्यात, पंखे बंद आहेत आणि कुणी हलत नाही. लाईट गेली होती एवढंच. पण बाई आल्या पावली मागे वळून ओरडायला लागल्या. मावशीने एक डोळा उघडला.

"मेलो न्हाई ओ बाई. दोनला या."

बाई दोनला आल्या. ऑर्डरही दिली. मला मात्र बजावलं, "तुमच्याकडे शिस्त नाही." मी संध्याकाळी हे मावशीला ऐकवलं.

"शिस्त न्हाई तर रोज बरुबर एकला कशा झोपताव आमी?" ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात स्वतःबद्दल कीव नसायची. एकदा शांता तिच्या भावजयीचं सांगत होती. ती ऊसतोडीला जाते, पाळीचा त्रास आहे, पिशवी काढून टाका म्हणजे हंगामात खाडा होणार नाही असं घरचे म्हणतात. खाडा म्हणजे कामावर गैरहजेरी. तोडीवर खाडा केला की मुकादम दंड लावतो. आजारी असो, बाळंतीण असो, खाडा तो खाडा. मावशी बटणं लावता लावता म्हणाली, "माझी काढली की. डाक्टर मनला दीड म्हैना मोळी उचलायची न्हाई. मुकादम मनला आठ दिस. मी मुकादमाचं ऐकलं."

"कावून ओ मावशी?" रेखाने विचारलं.

"डाक्टरच्या हातात काय होतं? नुस्ता कागुद." बटणाचा दोरा दाताने तोडून ती उठली, कंबर एका अंगाला टाकत पाणी प्यायला गेली. जाता जाता शांताला म्हणाली, "तुझ्या भावजयीला मनावं, सोजराला चालताना बगून जा."

ती भावजय खरंच येऊन गेली. तिने पुढे काय केलं ते मला माहीत नाही.

मग तो जून आला, ज्यात माझी जिरली.

दोन शाळांच्या ऑर्डरी मी एकदम घेतल्या. नाही म्हणता येत नाही हा माझा जुना आजार आहे. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे वेळेत होत नाही. एक वाजता मावशी गाठी मारत फिरत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, पदर सोडा."

तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्याजणी पाहत होत्या. ती भांडेल म्हणून मी तयारीत होते, आणि तिने भांडायला हवं होतं, कारण भांडणात मी हरत नाही. पण तिने मुकाट्याने एकेक गाठ सोडली, जिची तिला बॉबिन दिली आणि आपल्या मशिनीवर जाऊन बसली. वीट मी पायाने सरकवून दाराशी नेली.

पुढचे आठ दिवस आम्ही रेटलं. हातात भाकरी धरून बायका पायाने मशीन मारायच्या. रेखाच्या बोटातून सुई आरपार गेली, चिंधी गुंडाळून ती पुन्हा बसली आणि मी तिला शाबासकी दिली. ते मला आता आठवायला आवडत नाही. आम्ही झपाट्याने शिवत होतो. तेवढ्याच झपाट्याने उसवतही होतो, पण ते मी मोजत नव्हते.

नवव्या दिवशी दुपारी साडेतीनला मावशी हाफ पॅन्टच्या दोन पायांचे तुकडे घेऊन माझ्यापुढे आली. टेबलावर एकाशेजारी एक ठेवले.

"ताई, ह्या शाळंतली पोरं कशी हायत?"

"कशी म्हणजे?"

"न्हाई, दोन्ही पाय डावेच हायत का काय समद्यांना?"

मी पाहिलं. कटिंगला कापड अंथरताना तोंडाला तोंड लावून दुहेरी घडी घालायची असते, म्हणजे एका कापात एक डावा आणि एक उजवा पाय निघतो. ही गोष्ट शिवण शिकणाऱ्या पोरीला पहिल्या आठवड्यात सांगतात. मी घडी न घालता सगळे थर एकाच तोंडाने अंथरले होते, वर फर्मा ठेवला होता आणि कात्री चालवली होती. खाकी कापड, एका बाजूने चकाकणारं. उलटं करून जोडायचीही सोय नाही. गठ्ठा सोडला. एकूण एक डावे. खिसे लावून तयार, काजं पाडून तयार, डावे.

कुणाला तरी झापावं म्हणून मी मान वर केली. पण कटिंग माझ्याशिवाय कुणी करत नव्हतं.

"घातली तर पोरगं सरळ चालायचं न्हाई," मावशी तुकडे उलटसुलट करत म्हणाली. "गोल फिरल. झेंडावंदनाला झेंड्याभवती बरं दिसल तसं."

शांता फिस्सकन हसली, आणि मग सगळ्याच. मी हातातला खडू भिंतीवर फेकला. तो फुटला.

"खडूनं काय केलंय आता?" मावशी म्हणाली. मग ती प्रत्येक मशिनीपाशी गेली, बॉबिन काढली, पदराला गाठ मारली. शेवटी माझ्या मशिनीपाशी आली. माझ्याकडे न बघता आठवी बॉबिन काढली. दाराशी जाऊन वीट उचलली आणि मला म्हणाली, "चल आत."

मी त्या दिवशी पहिल्यांदा टेबलाखाली शिरले. फरशी गार होती. वीट तिने मला दिली. स्वतः दंडावर डोकं ठेवून पडली. बाकीच्या कधीच आडव्या झाल्या होत्या. वर टेबलाच्या फळीच्या खालच्या अंगाला कुणीतरी खडूने फुलं काढली होती. इतक्या वर्षांत मला ती माहीत नव्हती.

"माझा माणूस लई कामाचा होता," ती वर बघत म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "तुझ्यावानी. पार थकला होता त्या दिशी, पाय थरथर करायलते. मी मनले, घडीभर बसा. मनला, येवढी गाडी भरू, मंग बसू. डोक्यावर मोळी घिऊन फळीवर चढला आन वरून खाली आला. मणक्यावर." तिने डोक्याखालचा दंड बदलला. "तवापास्नं बसूनच होता. सात वर्सं. मी हागायला-मुतायला उचलायचे. गाडी मातुर भरली त्या दिशी. दुसऱ्यांनी भरली."

मी विटेवर मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"त्यो बसतो मनला असता न, तर मुकादमानं खाडा लावला असता," ती म्हणाली. "एक. एका दिसाचा."

मग ती घोरायला लागली. मी जागीच होते. साडेचारला तिने बॉबिन वाटल्या.

त्या ऑर्डरीला सहा दिवस उशीर झाला. शाळेतली पोरं सहा दिवस घरच्या कपड्यांत गेली आणि शाळा काही बंद पडली नाही. नवीन कापड आणून मी पुन्हा कटिंग केलं, सकाळी, ताज्या डोळ्यांनी, दुहेरी घडी घालून. डाव्या पायांच्या आम्ही पिशव्या शिवल्या. केजमध्ये आजही काही घरांत दळणाची पिशवी खाकी आहे. ती दिसली की मी रस्ता बदलत नाही, पण लक्ष देऊन बघतही नाही.

त्यानंतर मावशी होती तोवर माझी बॉबिनही एक वाजता तिच्या पदरात जायची. झोप मला येत नसे. मी पडून वरची फुलं बघायचे.

मग तिची कंबर फारच धरली आणि ती पालीला मुलीकडे राहायला गेली. जाताना वीट घेऊन जाते म्हणाली. मी म्हटलं, पालीला विटा मिळत नाहीत का? ठेवून गेली. पुढच्याच हंगामात मी एक ते दोनचा अर्धा तास केला. कुणी पदर बांधून फिरणारं नव्हतं. वीट पुन्हा दाराशी गेली, टेबलाखाली तागे आले. गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, कात्री महिनाभर बंद. मी दुसरा डॉक्टर शोधला. तोही तेच म्हणाला, तर मी डॉक्टर बंद केले.

गेल्या उन्हाळ्यात बीडला कापड बघायला गेले तेव्हा येताना पालीला उतरले. खरं कारण सांगायचं तर तिला महिनाभरासाठी परत आणायचं होतं. काज-बटण तिच्यासारखं कुणी करत नाही. धरणाच्या अलीकडे, रस्त्याला लागून मुलीचं घर आहे. मावशी दारातल्या लिंबाखाली खाटेवर बसली होती. समोर मुलीची शेरडं. वाळली होती, पण तोंड तेच.

"एकटीच आलीस? काम कुणावर टाकून आलीस, पाऊण कोयता?"

मी विषय काढला. तिने पुरता ऐकूनही घेतला नाही.

"मला आता फकस्त शेरडं राखायचं काम हाय, आन तेबी तीच मला राखायलीत." मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "अंगठा कावून दाबायलीस सारकी?"

"सवय."

"एक ते दोन चालू हाय न?"

"आहे की," मी म्हणाले.

नवऱ्याच्या वेळी, मुकादमाच्या वेळी तिने जसं बघितलं असेल, आणि मी पदर सोडा म्हटलं तेव्हा जसं बघितलं होतं, तसंच माझ्याकडे बघितलं. चहा झाला. एसटीची वेळ झाली तशी ती मला सोडायला रस्त्यापर्यंत आली, दोन पावलं टाकायची आणि थांबायची. मी चढले, खिडकी मिळाली, लोकांची पोती चढेपर्यंत गाडी थांबली, मग कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तेव्हा हात करावा म्हणून मागे पाहिलं. मावशी खाटेपर्यंत परत पोचलीही होती. पाय लांब करून पडली होती, तोंडावर हात आडवा. एक शेरडू तिचा पदर चघळत होतं. ती त्याला हाकलत नव्हती. माझ्या घड्याळात एक वाजून गेला होता.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. दुपारी झोपली ती उठलीच नाही, असलं काही नाही. न्यूमोनिया झाला, बीडच्या दवाखान्यात, सकाळी साडेदहाला. कुणाला तिची गोष्ट रचायची असेल तर त्याने दुसरीकडे जावं. मी मातीला जाऊ शकले नाही. ऑर्डर होती.

आठवी मशीन झाली. तेल आता बोटांच्या रेषांत बसलंय, दोन दिवस निघायचं नाही. कागद अजून भिंतीवर आहे. सही माझीच आहे, पण दुसऱ्या कुणीतरी केल्यासारखी दिसते. असा कागद मुकादमाला लिहिता आला असता तर त्यानेही असाच लिहिला असता. फक्त पंधरा मिनिटं लिहिली नसती.

५ जून. सकाळी साडेआठला शाळेच्या क्लार्कला फोन लावला. म्हटलं, शाळा उघडताना निम्मे गणवेश देते, निम्मे त्यानंतर आठवड्याने.

"अहो मॅडम, साहेब चिडतील."

"चिडू द्या. नाहीतर सगळे एकदम देते, पण पॅन्टला दोन्ही पाय डावे असतील."

"म्हणजे?"

"म्हणजे आठवड्याने," मी म्हटलं आणि फोन ठेवला. चिडलेल्या साहेबांचा फोन पावणेनऊला आला. त्यांनाही तेच सांगितलं. ते ऑर्डर काढून घेईन म्हणाले. घ्या म्हटलं. घेतली नाही अजून.

मग भिंतीवरचा कागद काढला. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर खिशाचा फर्मा आखून घेतला. टेबलाखालचे तागे ओढून बाहेर काढले, फरशी पुसली. रेखा आली तेव्हा मी दाराशी वाकले होते. वीट चांगली जड आहे, अंगठ्याला कळ आली. विटेला साडीचा नवा तुकडा गुंडाळला आणि टेबलाखाली ठेवली.

दार आपटायला लागलं. रेखा ते धरायला धावली.

"राहू दे," मी म्हटलं. "एक वाजता बॉबिन कोण गोळा करणार ते सगळ्याजणी ठरवा आधी."